एकच गोळी, निरनिराळी प्रकृती : एच.आय.व्ही.वरील औषध, मूत्रपिंड आणि आनुवंशिकता

ज्या औषधाने माणसाचा जीव वाचतो त्याच औषधाने एखाद्याचे मूत्रपिंड बिघडावे, आणि शेजारच्या घरी तीच गोळी दहा वर्षे घेणाऱ्यास काहीच होऊ नये, हे कसे? एच.आय.व्ही.वरील गोळ्या घेणारी माणसे व त्यांच्या घरची मंडळी यांच्या मनात हा प्रश्न नेहमी घोळत असतो. तो डॉक्टरांस विचारण्याऐवजी पुष्कळदा आपसांत कुजबुजला जातो, आणि कुजबुजीतून निघालेले उत्तर बहुधा चुकीचे असते. कोणी म्हणतो गोळी उष्ण पडली. कोणी म्हणतो त्या घराण्यातच दोष. तर कोणी एक दिवस गोळ्यांची बाटली फळीवर सारून ठेवतो आणि किडनी वाचविल्याचे समाधान मानतो. या तिन्ही समजुतींपैकी शेवटची सर्वांत घातक आहे, म्हणून या लेखाचा खटाटोप.

महोत्सवाच्या स्मरणिकेत असा विषय कशाला, असे काही सभासदांना वाटेल. परंतु जांबोटीच्या डोंगराळ भागापासून निपाणीच्या तंबाखूच्या वखारींपर्यंत पसरलेल्या आपल्या मुलखाला हा रोग परका नाही. भारतात एच.आय.व्ही.चा संसर्ग प्रथम सिद्ध झाला तो १९८६ साली मद्रासला, आणि तो शोधून काढणाऱ्या डॉ. सुनीती सॉलोमन या माहेरच्या गायतोंडे, मद्रासेत व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबातील कन्या, हे आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असेल. पुढे राष्ट्रीय कार्यक्रमाने ज्या जिल्ह्यांकडे विशेष लक्ष पुरवावयाचे ठरविले त्या 'अ' वर्गात बेळगाव जिल्ह्याची गणना झाली. १ एप्रिल २००४ पासून ज्या निवडक राज्यांत सरकारने विनामूल्य औषधोपचार सुरू केला त्यांत महाराष्ट्र व कर्नाटक ही दोन्ही होती. म्हणजे सीमेच्या अलीकडे-पलीकडे, दोन्ही बाजूंच्या आपल्या माणसांस ही गोळी एकदमच मिळू लागली. जी माणसे दोन-चार वर्षांची सोबती समजली जात होती ती आज नातवंडे खेळवीत आहेत. दीर्घ आयुष्य लाभले म्हणूनच दीर्घकाळच्या औषधाचे परिणाम पाहण्याची वेळ आली, हेही ध्यानात ठेवावे.

सुरुवातीच्या गोळ्या आजच्यासारख्या नव्हत्या. स्टॅव्हुडिनने पायांस मुंग्या येत, गाल बसत, आणि चेहऱ्यावरूनच गावाला ओळख पटे. झिडोव्हुडिनने काहींचे रक्त उतरे. या औषधांची जागा हळूहळू टेनोफोव्हिर या औषधाने घेतली. हे द्रव्य प्राग येथील रसायनशास्त्रज्ञ आंतोनिन होली यांच्या प्रयोगशाळेत जन्मले. बेल्जममधील एरिक डी क्लर्क यांनी विषाणूंवरील त्याचा प्रभाव तपासला, आणि २००१ साली अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली. आज सरकारी केंद्रावर सर्वसाधारण प्रौढ रोग्यास जी एकच गोळी रोज घ्यावयास देतात तीत टेनोफोव्हिर ३०० मिलिग्रॅम, लॅमिव्हुडिन ३०० मिलिग्रॅम आणि डोल्युटेग्रॅव्हिर ५० मिलिग्रॅम अशी तीन औषधे असतात. गोळी चांगली आहे. दिवसातून एकदाच घ्यावयाची, बहुतेकांस सोसणारी, आणि पूर्वीच्या गोळ्यांप्रमाणे रूप बिघडविणारी नव्हे. तिचा जो काही राग आहे तो दोन ठिकाणी, मूत्रपिंडावर आणि थोडाफार हाडांवर. तोही सर्वांच्या नव्हे.

आता मूत्रपिंड काम कसे करते ते पाहू. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे १० लाख सूक्ष्म गाळण्या असतात आणि प्रत्येक गाळणीस एक लांब वळणावळणाची नलिका जोडलेली असते. चोवीस तासांत या गाळण्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो. लघवी मात्र होते दीड-दोन लिटर. मग उरलेले जाते कोठे? ते नलिकाच परत रक्तात ओढून घेतात. पाणी, साखर, फॉस्फेट, प्रथिनांचे कण असे जे जे शरीरास हवे ते सारे त्या राखतात. यातील मोठा वाटा नलिकेच्या अगदी पहिल्या भागाचा. तेथील पेशी अतिशय कष्टाळू असतात, आणि कष्टाला इंधन लागते म्हणून त्यांच्यात तंतुकणिका, म्हणजे पेशीच्या चुली, दाटीने भरलेल्या असतात.

टेनोफोव्हिर शरीराबाहेर पडते ते याच मार्गाने. काही भाग गाळणीतून आपोआप जातो. बाकीचा या पहिल्या नलिकेच्या पेशी रक्तातून उचलून लघवीत टाकतात. हे उचलण्याचे काम विशिष्ट वाहक प्रथिने करतात. बेळगावच्या रविवार पेठेतील एखादी वखार डोळ्यांपुढे आणावी. मागील दाराने हमाल पोती आत आणीत आहेत, पुढील दाराने दुसरे हमाल ती गाडीत भरीत आहेत. दोन्ही टोळ्यांची गती सारखी असली तर वखार मोकळी राहते. पण मागचे झपाझप आणू लागले आणि पुढचे रेंगाळले, तर पोत्यांची थप्पी लागते. नलिकेच्या पेशीत नेमके असेच होते. रक्ताच्या बाजूने टेनोफोव्हिर आत आणणारे मुख्य हमाल 'ओ.ए.टी. १' व 'ओ.ए.टी. ३' या नावाचे, आणि लघवीच्या बाजूने ते बाहेर काढणारा मुख्य हमाल 'एम.आर.पी. ४' नावाचा. आत साठा झाला की त्याची धग पेशीच्या चुलींनाच लागते, त्या मंदावतात, आणि दमलेल्या नलिकेच्या हातून राखावयाच्या वस्तू निसटू लागतात.

मग लघवीतून साखर जाऊ लागते, आणि तीही रक्तातील साखर अगदी बरोबर असताना. फॉस्फेट जाते, प्रथिने जातात. हा प्रकार पूर्णावस्थेस गेला तर त्यास फँकोनीचा विकार म्हणतात; ग्विडो फँकोनी या स्विस बालरोगतज्ज्ञाच्या नावावरून. इतका पुढे गेलेला विकार विरळा आहे, शंभरात एकासही होत नाही. परंतु जेव्हा होतो तेव्हा तो फसवा असतो, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे.

फॉस्फेट सतत गेल्याने हाडे ठिसूळ व दुखरी होतात. कंबर धरते, मांड्या ठणकतात, जिना चढवत नाही. पन्नाशीच्या माणसाला हे झाले की घरचे म्हणतात, संधिवात. रोपलावणीच्या दिवसांत तर कोणाची कंबर दुखत नाही! मग औषधांच्या दुकानातून डायक्लोफिनॅकच्या गोळ्या येतात, किंवा कोणाकडून तरी सुई टोचून घेतली जाते. ही वेदनाशामके स्वतःच मूत्रपिंडाकडे जाणारा रक्तप्रवाह कमी करतात. म्हणजे ज्या मूत्रपिंडाच्या बिघाडामुळे हाड दुखू लागले त्याच मूत्रपिंडावर आणखी एक ओझे पडले, आणि दुखणे वाढले म्हणून पुन्हा तीच गोळी. दुसरी फसगत साखरेची. लघवीच्या पट्टीवर साखर दिसली की मधुमेह ठरवून मोकळे होणारे लोक आहेत. वास्तविक रक्तातील साखर पाहिल्याखेरीज असे ठरवू नये, आणि रोगी टेनोफोव्हिर घेत आहे हे माहीत असलेला डॉक्टर तसे ठरविणारही नाही. अडचण अशी की त्यास ते माहीतच नसते. गावातील डॉक्टरांपासून, कधीकधी सख्ख्या भावापासूनही, ती बाटली लपविलेली असते. लपविण्याची कारणे आपण सारे जाणतो. त्यांचा दोष रोग्याच्या माथी मारण्याचे धाडस प्रस्तुत लेखक करणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. एकाच्या नलिकेत थप्पी लागते, दुसऱ्याच्या लागत नाही, यात आनुवंशिकतेचा हात किती?

जनुक म्हणजे शरीरातील एखादे प्रथिन कसे घडवावे याचा लेखी हुकूम समजा. तो चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला असतो, आणि प्रत्येक हुकुमाच्या दोन प्रती आपल्याजवळ असतात, एक आईकडून आलेली, एक बापाकडून. जमिनीच्या उताऱ्याची नक्कल करताना कारकुनाच्या हातून जसे एखादे अक्षर बदलते, तसे पिढ्यानपिढ्यांच्या नकलांत कोठे कोठे अक्षर बदललेले असते. बहुतेक वेळा त्याने काही बिघडत नाही. नाव 'कृष्णा'ऐवजी 'क्रिष्णा' लिहिले म्हणून शेत दुसऱ्याचे होत नाही. क्वचित मात्र गट नंबरच बदलतो. वर सांगितलेल्या हमाल-प्रथिनांचेही असे हुकूम आहेत, आणि माणसामाणसांत त्यांत अक्षरांचे फरक आहेत. तेव्हा कोणाचा हमाल चपळ, कोणाचा सुस्त, असे असणे स्वाभाविक होय.

पॅरिस येथील संशोधकांनी २००६ साली या दृष्टीने पहिला महत्त्वाचा शोधनिबंध प्रसिद्ध केला. त्यांनी नलिकेचा बिघाड झालेले १३ व न झालेले १७ रोगी घेऊन 'ए.बी.सी.सी. २' नावाच्या जनुकातील अक्षरे ताडून पाहिली. हे जनुक 'एम.आर.पी. २' या दुसऱ्या एका बाहेर काढणाऱ्या हमालाचे. त्यातील विशिष्ट अक्षरांची एक जुळणी बिघाड झालेल्यांत जास्त आढळली. २००९ साली माद्रिदच्या मंडळींनी ११५ रोगी तपासले. १९ जणांच्या नलिकांत दोषाची चिन्हे होती, आणि त्याच जनुकाच्या २४ क्रमांकाच्या जागी दोन्ही प्रतींत 'सी' हे अक्षर असणाऱ्यांत ती अधिक होती. २०१२ साली जपानातून १९० रोग्यांचा अभ्यास आला; तेथेही १९ जणांत दोष, आणि तेथेही 'सी-सी'कडेच बोट. तत्पूर्वी २००८ साली अमेरिकेत 'ए.बी.सी.सी. ४' या जनुकातील ३४६३ व्या जागी अक्षर बदललेल्या माणसांच्या रक्तपेशींत औषधाचा क्रियाशील अंश सुमारे ३५ टक्के अधिक साठतो असे दिसले. 'ए.बी.सी.सी. ४' हे आपल्या मुख्य पुढल्या दारच्या हमालाचे, एम.आर.पी. ४ चे, जनुक.

एवढे वाचून कोणासही वाटेल की गुन्हेगार सापडला. आता रक्त तपासावे, अक्षर पाहावे, आणि गोळी द्यावी की न द्यावी ते ठरवावे. परंतु घाई करू नये. पहिली गोष्ट, या अभ्यासांतील माणसांची संख्या पाहा. तेरा, एकोणीस, एकोणीस. एवढ्या थोड्यांवरून मोठा निष्कर्ष काढणे म्हणजे दोन शेतांचे पीक पाहून तालुक्याची आणेवारी ठरविणे होय. दुसरी गोष्ट, पॅरिसच्या अभ्यासात जी जुळणी धोक्याची दिसली ती आणि माद्रिद-जपानची, या सर्वस्वी एक नाहीत. नंतरच्या काही अभ्यासांत तर असा संबंध आढळलाच नाही. तिसरी गोष्ट मोठी मासलेवाईक आहे. प्रयोगशाळेत पाहता एम.आर.पी. २ हा हमाल टेनोफोव्हिरचे पोते उचलतच नाही असे दिसते! मग त्याच्या जनुकाचा संबंध कसा? कदाचित तो दुसरी एखादी वस्तू वाहत असेल व तिची गर्दी झाल्याने पुढचे दार अडत असेल. कदाचित खरा दोष शेजारच्या अक्षरात असून हे अक्षर केवळ त्याच्या संगतीने वारसाने येत असेल.

आणि चौथी गोष्ट, व्यवहाराच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची. ते 'सी-सी' दुर्मिळ नव्हे. युरोपात काय, जपानात काय, बहुसंख्य लोकांचे ते तसेच असते. जी खूण गावातील बहुतेक घरांवर आहे ती पाहून चोराचे घर ओळखता येत नाही. त्या खुणेच्या शंभर माणसांपैकी बहुतेकांची मूत्रपिंडे ठणठणीत राहतात. यास्तव टेनोफोव्हिर सुरू करण्यापूर्वी जनुक तपासावे असे आज कोणतीही मान्य मार्गदर्शिका सांगत नाही; कोणी खासगी प्रयोगशाळा अशी तपासणी महागड्या दराने करून देऊ लागली तर आपल्या सभासदांनी पैसा त्यात घालू नये, असे आमचे मत आहे.

जनुकांची तपासणी निरुपयोगीच असते असा अर्थ मात्र कोणी काढू नये. याच रोगावरील अबॅकॅव्हिर या दुसऱ्या औषधाची कथा ऐकण्यासारखी आहे. ते घेणाऱ्या काही जणांस पहिल्या काही आठवड्यांत ताप, पुरळ, धाप अशी तीव्र प्रतिक्रिया येई आणि चुकून औषध पुन्हा दिले तर प्राणावर बेते. २००२ साली ऑस्ट्रेलियातील पर्थ येथील संशोधकांनी दाखविले की हे संकट 'एच.एल.ए.-बी ५७:०१' हा विशिष्ट आनुवंशिक प्रकार ज्यांच्यात असतो त्यांच्यावर येते. २००८ साली १९ देशांतील १९५६ रोग्यांवर झालेल्या चाचणीत आधी जनुक पाहून औषध दिलेल्या गटात खात्रीने सिद्ध झालेली अशी प्रतिक्रिया एकासही आली नाही. न पाहता दिलेल्या गटात ती २.७ टक्के लोकांस आली. येथे एकच अक्षरसमूह, एकच यंत्रणा, स्पष्ट उत्तर. मूत्रपिंडाच्या बाबतीत तसे नाही. तेथे अनेक हमाल, अनेक दारे, आणि वय, वजन, पाणी, इतर औषधे या सर्वांचा एकत्र परिणाम.

ओघाने आणखी एका जनुकाचा उल्लेख केला पाहिजे, कारण त्याबद्दल अर्धवट ऐकून गैरसमज होण्याचा संभव आहे. 'ए.पी.ओ.एल. १' हे ते जनुक. त्याचे दोन विशिष्ट प्रकार पश्चिम आफ्रिकेतील वंशात विपुल आहेत, आणि ज्याच्या दोन्ही प्रती तशा असतात त्याच्या मूत्रपिंडास स्वतः एच.आय.व्ही. विषाणूपासूनच मोठा धोका असतो, हे २०१० पासूनच्या संशोधनातून स्पष्ट झाले. हा विषाणूचा परिणाम, गोळीचा नव्हे. उलट गोळीनेच तो आटोक्यात राहतो. निद्रारोगाच्या परजीवीपासून रक्षण करतात म्हणून हे प्रकार त्या भूमीत टिकले असे मानतात. आपल्या खानापूर तालुक्यात व पलीकडे हल्याळ, येल्लापूर या भागांत सिद्दी बांधव राहतात. पोर्तुगीजांच्या अमदानीत गुलाम म्हणून आणलेल्या बांटूभाषी आफ्रिकी लोकांचे ते वंशज. तेव्हा 'त्यांच्यात किडनीचा दोष असतो' अशी आवई उठण्यास वेळ लागणार नाही, आणि ती अन्यायाची ठरेल. आफ्रिका हे एक गाव नव्हे. कातडीचा रंग पाहून जनुकाचे अक्षर वाचता येत नाही, आणि सिद्दी रोग्याच्या मूत्रपिंडाची तपासणी इतर कोणाच्याही तपासणीपेक्षा निराळी नसते.

तर मग अक्षरे वाचता येत नसतील तर वाचावयाचे काय? वय आणि वजन. यात काही नवल नाही, पण याच ठिकाणी सर्वांत जास्त चुका होतात. प्रौढासाठी टेनोफोव्हिरची मात्रा एकच, ३०० मिलिग्रॅम. माणूस ४० किलोचा असो की ८० किलोचा. किरकोळ अंगाच्या माणसाच्या वाट्यास साहजिकच औषध जास्त येते. जपान व थायलंड येथील अनुभवही हाच आहे की कमी वजनाच्या रोग्यांच्या मूत्रपिंडांकडे अधिक लक्ष पुरवावे लागते. विडी वळून किंवा मजुरी करून संसार चालविणाऱ्या आपल्या कित्येक भगिनींचे वजन चाळीसच्या आसपासच असते.

रक्ताच्या अहवालात क्रिएटिनिन नावाचा एक आकडा येतो. स्नायूंत तयार होणारा हा कचरा मूत्रपिंड बाहेर टाकते. आकडा वाढला तर मूत्रपिंड मंदावले असे समजतात. परंतु नुसत्या आकड्यावर विसंबू नये. कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट यांनी १९७६ साली दिलेला एक सोपा हिशेब आहे, शाळेतील मुलासही जमेल असा. १४० मधून वय वजा करावे, येणाऱ्या संख्येस किलोतील वजनाने गुणावे. मग क्रिएटिनिनच्या आकड्यास ७२ ने गुणून त्या संख्येने भागावे. रोगी स्त्री असेल तर उत्तरास ०.८५ ने गुणावे. जे उत्तर येईल तितके मिलिलिटर रक्तद्रव मूत्रपिंडे दर मिनिटास स्वच्छ करीत आहेत असा अंदाज. आता दोन माणसे घेऊ. दोघांचेही क्रिएटिनिन १.०, अहवालावर दोघांसही 'योग्य' असा शेरा. पहिला ३० वर्षांचा, ७० किलोचा पुरुष. त्याचे उत्तर १०७. दुसरी ५५ वर्षांची, ४० किलोची स्त्री. तिचे उत्तर ४०. हा आकडा साधारणतः ५० च्या खाली गेला की टेनोफोव्हिरऐवजी दुसरे औषध देण्याचा विचार डॉक्टर करतात. म्हणजे तोच १.० एकास निर्धास्त करणारा, तर दुसरीस वेळीच सावध करणारा. म्हणून केंद्रावर गेल्यावर वजन करून घेण्याचा कंटाळा करू नये, आणि चप्पल-शालीसकट घाईघाईने काट्यावर उभे राहून खोटे वजन लिहवून घेऊ नये.

याच आकड्याची एक उलट गंमतही आहे. गोळीतील डोल्युटेग्रॅव्हिर हे औषध क्रिएटिनिन बाहेर टाकणारे एक दार थोडे अडविते. त्यामुळे ही गोळी सुरू केल्यावर पहिल्या महिन्यात क्रिएटिनिन ०.१ ते ०.१५ ने वाढून तेथेच स्थिर राहते. गाळणी तशीच असते, केवळ कचऱ्याची एक मोटार उशिरा निघते. हे न कळल्याने घाबरून जाणारी माणसे आहेत. सतत चढत जाणारा आकडा, लघवीत नव्याने दिसणारी प्रथिने किंवा साखर, यांची गोष्ट मात्र निराळी. तेथे डॉक्टरांनी बारकाईने पाहावयास हवे.

आता त्या फळीवर सारून ठेवलेल्या बाटलीविषयी. मूत्रपिंड वाचविण्यासाठी गोळी मध्येच थांबविली तर काय होते, याचा पडताळा एका फार मोठ्या आंतरराष्ट्रीय चाचणीत मिळालेला आहे. 'स्मार्ट' नावाच्या त्या चाचणीत ५४७२ रोगी होते आणि तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. अर्ध्या रोग्यांस उपचार अखंड दिला. अर्ध्यांचा उपचार, प्रकृती बरी आहेसे पाहून, मधून मधून थांबविला. अपेक्षा अशी की थांबविलेल्यांस औषधांचे दुष्परिणाम कमी होतील. झाले उलटे. थांबविलेल्या गटात मृत्यू अधिक झाले, इतकेच नव्हे तर हृदय, यकृत आणि मूत्रपिंड यांचे गंभीर विकारही अधिक झाले. विषाणू मोकळा सुटला की तो स्वतःच मूत्रपिंडास इजा करतो, आणि ती इजा बहुतेक रोग्यांच्या बाबतीत गोळीच्या इजेहून मोठी असते. शिवाय टेनोफोव्हिर हे 'ब' प्रकारच्या काविळीच्या विषाणूवरही चालते. ज्यास तो संसर्ग आहे त्याने ते एकाएकी सोडले तर यकृताचा दाह उसळू शकतो. औषध बदलता येते, परंतु ते केंद्रावर बदलावे. बदलल्यावर नलिका बहुधा सावरतात. फार उशीर झाला तर पूर्ण सावरत नाहीत.

बदलावयास पर्यायही आहेत. अबॅकॅव्हिरचा उल्लेख वर आलाच. ते मूत्रपिंडास त्रास देत नाही. टेनोफोव्हिरचेच टेनोफोव्हिर अलाफेनामाइड नावाचे नवे रूप २०१५ सालापासून जगात वापरात आले. त्याची मात्रा केवळ २५ मिलिग्रॅम, कारण ते थेट रोगपेशींत शिरते व रक्तातील औषधाचे प्रमाण जुन्या रूपाच्या मानाने सुमारे ९० टक्के कमी राहते. मागच्या दाराने पोतीच थोडी आली की हमाल सुस्त असला तरी वखार भरत नाही. ज्या रोग्यांना दुसऱ्या टप्प्यातील औषधे, विशेषतः रिटोनॅव्हिरच्या जोडीने दिलेली, चालू आहेत त्यांच्या रक्तात टेनोफोव्हिर वाढते. त्यांनी तपासणी चुकवू नये.

जांबोटी-कणकुंबी भागातून बेळगावच्या जिल्हा रुग्णालयातील केंद्रावर जावयाचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, पावसाळ्यात तर हाल विचारू नयेत. म्हणून जाऊ ते काम पुरे करून यावे. क्रिएटिनिन झाले का, लघवीची पट्टी पाहिली का, मागच्या वेळच्या आकड्याशी ताडले का, हे विचारावे. आईबापांपैकी कोणास मूत्रपिंडाचा विकार होता का, स्वतःस मधुमेह वा रक्तदाब आहे का, दुखण्यावर कोणती गोळी घेतो, कोणाचे भस्म वा काढा चालू आहे का, हे न विचारता सांगावे. गावातील डॉक्टरांसही गोळीचे नाव सांगण्यास भिऊ नये. १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेल्या २०१७ च्या कायद्याने रोग्याची माहिती त्याच्या संमतीशिवाय उघड करण्यास मनाई केली आहे, आणि या रोगाच्या कारणाने नोकरीत, शाळेत किंवा दवाखान्यात भेदभाव करणेही बेकायदेशीर आहे.

राहिला घराण्याचा प्रश्न. एच.आय.व्ही. हा रोग आनुवंशिक नाही. आईपासून बाळास होतो तो संसर्ग, वारसा नव्हे, आणि आईने गोळी नियमित घेतल्यास तो बहुतेक टळतो. हमाल-प्रथिनांची जनुके मात्र वारशाने येतात. सख्ख्या भावंडांत त्यांपैकी काही सारखी असतील, काही नसतील. नवरा-बायको नात्यातील असली, आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहेच, तरी दोघांच्या प्रती एकच असतील असे नव्हे. नवऱ्यास गोळी सोसली म्हणून बायकोचे क्रिएटिनिन पाहावयाचे राहू देऊ नये. तिचे वजन कमी, कष्ट अधिक, आणि रांगेत उभे राहण्यास सवड सर्वांत थोडी. आपल्या देशातील १० हजार माणसांच्या संपूर्ण जनुकसंचाची माहिती 'जीनोम इंडिया' प्रकल्पाने जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांस खुली केली आहे. आजवर हा हिशेब पॅरिस, माद्रिद आणि जपान येथील थोड्या लोकांवरून मांडला गेला. तो आपल्या लोकांवरून मांडण्याचे साधन आता हाती आले आहे. तोवर बहिणीचे किंवा मुलाचे जनुक तपासण्याचे कारण नाही. गोळी ज्याची चालू आहे त्याचे वजन, वय, क्रिएटिनिन आणि लघवीची पट्टी, एवढे पुरे.